सूचक संयुगांवरून भट्टीतल्या डायॉक्सिनचा अंदाज: कुठवर विश्वास ठेवायचा

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. सामायिक जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्राची भट्टी. डायॉक्सिन म्हणजे कचरा जळताना नकळत तयार होणारी अतिविषारी क्लोरिनयुक्त संयुगं. त्यांची तपासणी वर्षातून एकदाच होते, ती खर्चिक, आणि अहवाल हातात पडेपर्यंत कित्येक आठवडे जातात. कार्बन मोनॉक्साइड, ऑक्सिजन आणि तापमान मात्र सतत मोजलं जातं. मग या आकड्यांवरून, किंवा क्लोरोबेंझीनसारखं मोजायला सोपं एखादं संयुग पकडून, डायॉक्सिनचा अंदाज बांधता येईल का? संयुग कोणतं घ्यावं? आणि असा अंदाजाचा आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही, चालणार नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत मर्यादा ०.१ नॅनोग्रॅम टीईक्यू (विषारीपणाच्या हिशोबाने काढलेली एकूण मात्रा) प्रति नॉर्मल घनमीटर (ठरावीक तापमान-दाबाला मोजलेला) अशी आहे, ११ टक्के ऑक्सिजनला धरून, आणि ती प्रत्यक्ष नमुना घेऊनच सिद्ध करावी लागते. पण म्हणून सूचक संयुगं निरुपयोगी ठरत नाहीत. वर्षातल्या एका दिवशी चिमणीवर चढून घेतलेला नमुना त्या एका दिवसाबद्दल बोलतो. उरलेल्या ३६४ दिवसांबद्दल काही कळायचं असेल तर आज हाच एक परवडणारा मार्ग आहे. फक्त त्याच्याकडून काय मागायचं, हे नीट ठरवलं पाहिजे.

आधी हे मोजमाप इतकं अवघड का, ते पाहू. क्लोरिनयुक्त डायॉक्सिन ७५ प्रकारचे आणि त्यांची भावंडं असलेले फ्युरान १३५ प्रकारचे, मिळून २१० काँजिनर. त्यांतले विषारी म्हणून मोजले जातात फक्त १७, म्हणजे ज्यांच्या २, ३, ७ आणि ८ या जागांवर क्लोरिन बसलेला आहे ते. प्रत्येकाला विषारीपणाचा एक गुणांक दिलेला असतो. सगळ्यांची गुणिले-बेरीज करून जो आकडा येतो तो टीईक्यू. मर्यादेच्या पातळीवर हे पदार्थ वायूत आकारमानाने लाख कोटीत एक भाग, किंवा त्याहूनही कमी असतात. त्यामुळे सहा ते आठ तास समगती सॅम्पलिंग करायचं (म्हणजे चिमणीतल्या धुराच्याच वेगाने नमुना ओढायचा), धूळ फिल्टरवर आणि वायू एक्सएडी-२ या शोषक रेझिनवर पकडायचा, काढलेला अर्क अनेक स्तंभांतून शुद्ध करायचा आणि शेवटी उच्च विभेदन मास स्पेक्ट्रोमीटरवर चालवायचा. देशात हे नीट करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत.

त्या मानाने क्लोरोबेंझीन आणि क्लोरोफिनॉल याच वायूत हजारो पटींनी जास्त असतात, मायक्रोग्रॅमच्या घरात. साध्या जीसी-एमएसवर (गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) दिसतात. आणि ही संयुगं डायॉक्सिनच्या जन्मकथेतलीच पात्रं आहेत, उपरी नव्हेत. मुळात सगळी कल्पना इथूनच निघाली.

१९७७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या ऑली आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या कचरा भट्ट्यांच्या उडत्या राखेत आणि धुरात डायॉक्सिन सापडल्याचं छापलं. पुढच्या दशकात लक्षात आलं, की ८५० अंशांच्या वर नीट ज्वलन झालं तर डायॉक्सिन मोडतं, पण वायू थंड होत असताना पुन्हा तयार होतं. साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात, त्यातही ३०० ते ३५० च्या आसपास सर्वांत जोमाने. राखेवर उरलेला अर्धवट जळलेला कार्बन, तांब्याचे क्लोराइड आणि ऑक्सिजन एवढं सामान त्याला पुरतं. तांबं हायड्रोजन क्लोराइडमधून क्लोरिन मोकळा करतं आणि कार्बनच्या जाळीला चिकटवतं. जाळीचे तुकडे पडले की कुठे क्लोरोबेंझीन निघतं, कुठे फ्युरान, कुठे डायॉक्सिन. दुसरा मार्ग क्लोरोफिनॉल आणि क्लोरोबेंझीनचे रेणू एकमेकांना जोडले जाण्याचा. कोणताही मार्ग घ्या, ही मंडळी एकाच राखेवर, एकाच तापमानात, एकाच उत्प्रेरकाच्या हाताखाली तयार होतात. १९८५ साली स्वीडनमधल्या ओबेर्ग आणि बेर्गस्ट्रॉम यांनी हेक्साक्लोरोबेंझीन हे डायॉक्सिनचं सूचक म्हणून सुचवलं ते या नात्यामुळेच.

इथे एक गोष्ट लगेच लक्षात घ्या, कारण पुढचा बहुतेक गोंधळ तिच्यातून होतो. नातं आहे ते जन्माच्या जागेशी. चिमणीपर्यंतच्या प्रवासात ते टिकतंच असं नाही. बॅग फिल्टरच्या, म्हणजे धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांच्या, आधी सक्रिय कोळशाची भुकटी सोडली जाते. डायॉक्सिनचे मोठे, कमी बाष्पशील रेणू कोळशाला घट्ट चिकटतात. मोनो किंवा डायक्लोरोबेंझीन (एक किंवा दोन क्लोरिनचे) तेवढे चिकटत नाहीत, बरेचसे निसटून पुढे जातात. म्हणजे कोळशाआधी एका पट्टीत असलेलं गुणोत्तर कोळशानंतर पार बदलतं. कोळशाचा डोस कमीजास्त झाला की पुन्हा बदलतं. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत त्याच भांड्यातलं हवं. परदेशातल्या एखाद्या शोधनिबंधातलं समीकरण उचलून आपल्या भट्टीला लावणारे सल्लागार मी पाहिले आहेत. त्यातून जो आकडा येतो त्याला तीन दशांश स्थळं असतात आणि अर्थ शून्य असतो.

आता तुमच्याकडे आधीच असलेल्या आकड्यांकडे येऊ. कार्बन मोनॉक्साइड हे सूचक म्हणून सगळ्यांना हवंसं वाटतं, कारण फुकट मिळतं. ते खोटंही नाही. ज्वलन बिघडलं, मोनॉक्साइड शेकड्यांनी वर गेला, की डायॉक्सिन वाढतंच. अशा बिघाडाच्या काळात नातं स्पष्ट दिसतं. पण मोनॉक्साइड साधारण १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भागांच्या) खाली आला की हे नातं विरघळतं. ४० पीपीएमला डायॉक्सिन कमी आणि ६० ला जास्त, असं काही म्हणता येत नाही. त्या पातळीवर डायॉक्सिनचं भवितव्य ठरतं ते पुढच्या डक्टमधल्या (वायू वाहून नेणाऱ्या नळीतल्या) राखेवर आणि तिथल्या तापमानावर, आणि मोनॉक्साइडला त्याची काहीच खबर नसते.

आपल्या नियमांत ज्वलन कार्यक्षमता किमान ९९ टक्के मागितली आहे: कार्बन डायऑक्साइड भागिले (कार्बन डायऑक्साइड अधिक मोनॉक्साइड). हिशोब करून पाहा. वायूत ८ टक्के कार्बन डायऑक्साइड असेल, म्हणजे ८०,००० पीपीएम, तर ९९ टक्क्यांच्या निकषात सुमारे ८०० पीपीएम मोनॉक्साइड बसतो. ८०० पीपीएमवर चालणाऱ्या भट्टीत काजळी किती असेल, हे कुणा ऑपरेटरला सांगायला नको. जपानने १९९७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या भट्ट्यांसाठी चार तासांची सरासरी ३० पीपीएम (१२ टक्के ऑक्सिजनला) मागितली होती. तेव्हा ज्वलन कार्यक्षमतेचा रकाना हिरवा दिसतोय म्हणून डायॉक्सिनबद्दल निर्धास्त राहू नका. त्या रकान्याऐवजी मोनॉक्साइडचे मिनिटागणिक आकडे काढा, आणि सरासरी बघत बसण्यापेक्षा १०० पीपीएमच्या वर गेलेल्या उसळ्या किती आणि किती वेळ टिकल्या हे मोजा.

उसळ्याच का? कारण स्मृती परिणाम. एका उसळीत तयार झालेली काजळी डक्टच्या भिंतीवर, क्वेंचच्या (वायू पाण्याने झटकन थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी, फिल्टरच्या बॅगांवर बसते. मोनॉक्साइड दहा मिनिटांत २० वर येतो, पडद्यावर सगळं छान दिसतं. बसलेली काजळी मात्र पुढचे अनेक तास, कधी दिवसचे दिवस, हळूहळू डायॉक्सिन सोडत राहते. ओल्या स्क्रबरमध्ये (वायू पाण्याने धुणाऱ्या मनोऱ्यात) प्लॅस्टिकचं पॅकिंग असेल तर तेही डायॉक्सिन शोषून ठेवतं आणि गरम झालं की परत करतं. मोनॉक्साइडला हे दिसणं शक्य नाही. क्लोरोबेंझीन मात्र त्याच जुन्या काजळीतून डायॉक्सिनबरोबर बाहेर पडत असतं, म्हणून ते या शेपटाचा बराचसा भाग पकडतं. क्लोरोबेंझीनवर पैसे खर्च करायचं माझ्या मते हेच सगळ्यांत मोठं कारण आहे.

हायड्रोजन क्लोराइडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रुग्णालयाच्या कचऱ्यात क्लोरिन मुबलक असतो. नियमांनी क्लोरिनयुक्त पिशव्या आणि हातमोजे बंद करायला सांगितले, पण २०१८ च्या दुरुस्तीत रक्ताच्या पिशव्यांना सूट मिळाली. त्या पीव्हीसीच्या असतात आणि पिवळ्या पिशवीतून थेट भट्टीतच येतात. तेव्हा क्लोरिन कधीच कमी पडत नाही, आणि जी गोष्ट नेहमीच जास्त असते तिच्या चढउताराने डायॉक्सिनचा चढउतार समजत नाही. त्यात स्क्रबरनंतरचा आकडा भट्टीपेक्षा त्यात सोडलेल्या कॉस्टिकच्या (आम्ल मारणाऱ्या अल्कलीच्या) डोसबद्दलच जास्त सांगतो. सल्फर डायऑक्साइड उलट्या दिशेने काम करतं: मोकळ्या क्लोरिनचं पुन्हा हायड्रोजन क्लोराइड करतं आणि डायॉक्सिन दाबतं. पण रुग्णालयाच्या कचऱ्यात गंधक थोडंच, त्यामुळे तुमच्या कामाचं नाही.

मग संयुग कोणतं?

सहसंबंधाच्या दृष्टीने सर्वांत पक्का उमेदवार डायॉक्सिनच्याच घरातला आहे: २,३,४,७,८-पेंटाक्लोरोडायबेन्झोफ्युरान. भट्टीच्या धुरात एकूण टीईक्यूचा मोठा हिस्सा, पुष्कळदा तिसरा भाग ते निम्मा, या एकट्या फ्युरानचा असतो. त्यामुळे तो आणि टीईक्यू जवळपास हातात हात घालून चालतात. यात अर्थात थोडी लबाडी आहे; बेरजेतला सगळ्यात मोठा आकडा बेरजेशी जुळला तर नवल काय? शिवाय सॅम्पलिंग तेच, शुद्धीकरण तेच. प्रयोगशाळेला अहवालाची उलटतपासणी करायला तो उत्तम, तुमचा खर्च मात्र वाचत नाही. माझ्याकडे एखादा अहवाल आला आणि त्यात या फ्युरानचा वाटा टीईक्यूच्या ५ टक्के दिसला, तर मी आधी प्रयोगशाळेला फोन करतो.

इथेच एक सावधगिरी. या फ्युरानचा गुणांक जुन्या आंतरराष्ट्रीय यादीत ०.५ होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या यादीत तो ०.३ झाला. १,२,३,७,८-पेंटाक्लोरोडायॉक्सिनचा उलट ०.५ वरून १ झाला. म्हणजे एकाच नमुन्याचे दोन टीईक्यू निघतात. दोन वर्षांचे अहवाल दोन प्रयोगशाळांचे असतील तर आधी गुणांकांची यादी एक आहे का ते बघा, नाहीतर रसायनाऐवजी कागदावरच्या बदलाशी सहसंबंध जुळवत बसाल.

क्लोरोफिनॉल कागदावर चांगले दिसतात, कारण ते थेट पूर्वज आहेत. प्रत्यक्षात त्रास देतात. ते पाण्यात विरघळतात. कंडेन्सेटमध्ये जातात, स्क्रबरमध्ये जातात, नमुना उशिरा पोचला तर कमी भरतात. ओला स्क्रबर असलेल्या भट्टीत चिमणीवर क्लोरोफिनॉल मोजून स्क्रबरच्या पाण्याच्या सामूपलीकडे फारसं काही कळत नाही. मी ते घेत नाही.

क्लोरोबेंझीनमध्ये एक ते सहा क्लोरिनचे मिळून १२ प्रकार येतात. कमी क्लोरिनचे, म्हणजे मोनो आणि डाय, भरपूर प्रमाणात असतात, बाष्पशील असतात आणि तत्काळ मोजणाऱ्या उपकरणांना सोयीचे असतात. जर्मनीत म्युनिकच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस लेझरने निवडक आयनीकरण करणारा मास स्पेक्ट्रोमीटर थेट भट्टीवर नेऊन धुरातलं मोनोक्लोरोबेंझीन चालू वेळेत मोजलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या संशोधकांनी त्याच पद्धतीने इतर सूचकं तपासली. पुढे चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाने १,२,४-ट्रायक्लोरोबेंझीन हे सूचक घेऊन नगरपालिकांच्या मोठ्या भट्ट्यांवर अशी यंत्रणा उभी केली. उपकरण महाग आहे, सांभाळायला माणूस लागतो, दिवसाला काही टन कचरा जाळणाऱ्या केंद्राला ते परवडणारं नाही. पिंपरी-चिंचवडच्या मोशीत रोज ७०० टनांचा कचऱ्यापासून वीज प्रकल्प आहे. तेवढ्या आकाराच्या ठिकाणी हा विचार करता येईल.

जास्त क्लोरिनचे, म्हणजे टेट्रा, पेंटा आणि हेक्साक्लोरोबेंझीन (चार, पाच आणि सहा क्लोरिनचे), प्रमाणात कमी, पण वागणुकीत डायॉक्सिनच्या जवळ. राखेवर तेच तयार होतात, कोळशाला बऱ्यापैकी चिकटतात. तुमच्यासाठी मी पेंटा आणि हेक्साची बेरीज निवडेन, आणि याला एक व्यवहारी कारणही आहे. वार्षिक तपासणीत जे एक्सएडी-२ रेझिन वापरलं जातं, त्यावर हे दोन्ही आपोआप पकडले गेलेले असतात. प्रयोगशाळेला आधी सांगून ठेवलं, की अर्क काढण्यापूर्वी क्लोरोबेंझीनचे कार्बन-१३ वाले अंतर्गत मानकही (वाटेत किती हरवलं ते कळावं म्हणून घातलेली ठाऊक मात्रा) घाला आणि अर्काचा थोडा भाग शुद्धीकरणाआधी बाजूला काढा, तर वेगळं सॅम्पलिंग न करता डायॉक्सिन आणि सूचक यांची जोडी एकाच नमुन्यातून मिळते. मोनो आणि डायच्या बाबतीत हे जमत नाही. ते आठ तासांत रेझिनमधून पलीकडे निघून जातात आणि उरलेले द्रावक आटवताना उडतात. त्यांना टेनॅक्स या शोषक पदार्थाची वेगळी नळी लागते. शिवाय हेक्साक्लोरोबेंझीन आणि २००९ पासून पेंटाक्लोरोबेंझीन हे दोन्ही स्टॉकहोम करारात (दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात) नकळत तयार होणारे प्रदूषक म्हणून नोंदलेले आहेत, तेव्हा तो आकडा स्वतंत्रपणेही कामाचा.

आता आकडेमोड. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबतो.

डायॉक्सिन आणि सूचक दोन्ही अनेक पटींत बदलतात, म्हणून दोघांचेही (१० पायाचे) लॉगरिदम घेऊन सरळ रेषा बसवायची. समजा तुमच्याकडे १० जोड्या जमल्या, आणि रेषेभोवती बिंदूंचं विखुरणं (प्रमाण विचलन) लॉगच्या मापात ०.२५ आहे. प्रत्यक्ष भट्टीसाठी हे काही वाईट नाही. आता नवीन सूचकाच्या आकड्यावरून टीईक्यूचा अंदाज केला, तर ९५ टक्के खात्रीची पट्टी किती? १० जोड्यांसाठी टी-गुणांक २.३१, गुणिले ०.२५, गुणिले १.१ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.६. लॉगमधलं ०.६ म्हणजे चारपट. अंदाज ०.०५ आला, तर खरा आकडा ०.०१२ ते ०.२ यांत कुठेही असू शकतो. मर्यादा ०.१, ती पट्टीच्या मधोमध. मर्यादेच्या आत आहोत असं या पद्धतीने जरा विश्वासाने म्हणायचं तर अंदाज ०.०३ च्या आसपास किंवा खाली यायला हवा. हे समजलं की मंडळाला हा आकडा का चालत नाही, ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा सापळा आर-वर्गाचा, म्हणजे रेषा बिंदूंशी किती जुळते ते ० ते १ मध्ये सांगणाऱ्या आकड्याचा. अहवालात ०.९२ लिहिलेलं दिसलं की लोक खूश होतात. तेच ०.२५ चं विखुरणं घ्या. जोड्यांमध्ये भट्टी पेटवतानाचे नमुने धरले आणि टीईक्यूचा पसारा हजारपट झाला, तर आर-वर्ग सुमारे ०.९२ येतो. फक्त स्थिर चालू असतानाचे, दहापट पसाऱ्याचे नमुने घेतले तर तोच आर-वर्ग ०.२५ वर उतरतो. सूचक तेच, चूकही तेवढीच, फक्त पट्टी लांब केली. म्हणून कुणी आर-वर्ग दाखवला तर विचारा, पसारा किती होता आणि रेषेभोवतीचं विखुरणं किती.

ऑक्सिजनची दुरुस्ती दोन्ही आकड्यांना सारखीच लावा. जैववैद्यकीय भट्ट्यांत गळतीची हवा भरपूर असते, ती धूर पातळ करते आणि आकडा कमी दाखवते. चिमणीत १५ टक्के ऑक्सिजन असेल तर ११ टक्क्यांना आणण्यासाठी (२१ उणे ११) भागिले (२१ उणे १५), म्हणजे १० भागिले ६, म्हणजे १.६७ ने गुणावं लागतं. डायॉक्सिनचा आकडा दुरुस्त केलेला आणि क्लोरोबेंझीनचा कच्चा, असं मिश्रण मी छापील अहवालांत पाहिलं आहे.

आणि जोड्या गोळा करताना भट्टीची चांगली अवस्थाच तेवढी घेऊ नका. वार्षिक तपासणीच्या दिवशी भट्टी कशी चालते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही: पिशव्या निवडून, हळूहळू, तापमान आधीच चढवून. नियमच सांगतो की भट्टी इष्टतम क्षमतेवर असताना मोजा. सूचकाची खरी गरज त्याच्या बाहेरच्या तासांसाठी आहे. त्यातले सर्वांत वाईट तास पेटवण्याचे. मोठ्या भट्ट्या महिनोन्‌महिने अखंड चालतात. आपली अनेक केंद्रं एका-दोन पाळ्यांत चालून रोज थंड होतात. समजा स्थिर आठ तास ०.०५ आणि पेटवण्याचा एक तास ५ नॅनोग्रॅम. नऊ तासांची सरासरी ०.६ येते, मर्यादेच्या सहापट, आणि त्यातला ९० टक्क्यांहून जास्त वाटा त्या एका तासाचा. वार्षिक अहवालात मात्र ०.०५ लिहिलेलं असेल आणि ते खरंही असेल. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण पेटवताना डायॉक्सिन अनेक पटींनी वाढतं हे नगरपालिकांच्या भट्ट्यांवरही वारंवार दिसलेलं आहे. युरोपात बेल्जियमने २००० च्या सुमारास आणि फ्रान्सने २०१४ पासून आठवडे-आठवडे चालणारं अखंड सॅम्पलिंग बंधनकारक केलं, त्यामागे हाच विचार आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही. पण पेटवतानाचे दोन-तीन नमुने तरी तुमच्या जोड्यांत असलेच पाहिजेत, आणि त्यांची रेषा स्थिर काळाच्या रेषेपेक्षा वेगळी निघाली तर दोन समीकरणं ठेवा, ओढूनताणून एक करू नका.

जाता जाता बायोअ‍ॅसेबद्दल, कारण तो पर्याय आपल्याकडे कुणी विचारातच घेत नाही. पेशींमधल्या ज्या रिसेप्टरला डायॉक्सिन चिकटतं, त्याच्या प्रतिसादावरून टीईक्यू काढायची पद्धत आहे. नमुना तोच लागतो, पण विश्लेषण स्वस्त आणि लवकर. जपानने २००५ मध्ये ताशी दोन टनांपेक्षा लहान भट्ट्यांसाठी आणि राखेसाठी अशा सोप्या पद्धतींना अधिकृत मान्यता दिली. लहान भट्ट्यांचीच संख्या जास्त असलेल्या आपल्यासारख्या ठिकाणी हे का होऊ नये, असं मला नेहमी वाटतं. नियमात नाही तोवर तुम्ही ते राखेसाठी अंतर्गत तपासणी म्हणून वापरू शकता. बॅग फिल्टरच्या राखेत डायॉक्सिन वाढलंय म्हणजे वरच्या डक्टमध्ये काहीतरी शिजतंय.

तुमच्या जागी मी असतो तर यंदा काय केलं असतं, ते सांगतो. क्लोरोबेंझीनला हात लावण्याआधी तीन आकड्यांचा वर्षभराचा इतिहास काढला असता: मोनॉक्साइडच्या उसळ्या, दुय्यम कक्षाचं (जिथे धूर पुन्हा जाळला जातो त्याचं) तापमान १०५० अधिक-उणे ५० अंशांच्या पट्ट्याखाली गेल्याची मिनिटं, आणि बॅग फिल्टरच्या तोंडाचं तापमान. हा तिसरा आकडा कुणी बघत नाही. तो २०० च्या वर राहत असेल तर फिल्टर हीच तुमची डायॉक्सिनची भट्टी झाली आहे, आणि सूचक कोणतंही मोजलं तरी तेच सांगेल. तापमान १५० च्या आसपास आणा, कोळशाचा फीडर खरंच फिरतोय का बघा. हॉपरमध्ये (कोळशाच्या साठवण-नरसाळ्यात) कोळसा कमानीसारखा अडकून फीडर रिकामा फिरत राहिल्याचं एकाहून जास्त ठिकाणी दिसलं आहे. दर आठवड्याला कोळशाचं वजन लिहा. वायूच्या घनमीटरमागे ५० ते २०० मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस, त्याच्याशी ताडून पाहा. एवढ्यावर डायॉक्सिन जेवढं उतरेल तेवढं कोणत्याही समीकरणाने उतरणार नाही.

मग वार्षिक तपासणीच्या कंत्राटात क्लोरोबेंझीनची ओळ घाला आणि कच्चे आकडे मागा: सतराही काँजिनर, गुणांकांची यादी, ऑक्सिजन, अंतर्गत मानकांची टक्केवारीने परत मिळालेली मात्रा. वर्षाला एकच जोडी मिळाली तर रेषा बसायला दशक जाईल, तेव्हा व्यवस्थापनाकडून पहिल्या वर्षी जास्तीच्या सहा-सात नमुन्यांचे पैसे एकदाच मागून घ्या. त्यानंतर दर महिन्याला फक्त क्लोरोबेंझीन. ते तुमच्या नेहमीच्या पातळीच्या तिप्पट झालं तर काहीतरी बिघडलं समजा आणि वरचे तीन आकडे पुन्हा काढा. टीईक्यूत रूपांतर करायचा मोह टाळा. नुसता क्लोरोबेंझीनचा आलेख भिंतीवर लावला तरी ऑपरेटरला पुरतो. बॅगा बदलल्या, कोळशाचा पुरवठादार बदलला, क्वेंचचे नोझल बदलले, की दोन-तीन नव्या जोड्या घेऊन रेषा अजून तीच आहे का ते तपासा.

तुमच्या पत्रात एक ओळ होती, की वर्षभराचं एकूण उत्सर्जन काढायचं आहे. त्यासाठी सूचकाआधी डायॉक्सिनच्या उत्सर्जनाचा हिशोब करण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या टूलकिटमधले गुणांक पाहा. वैद्यकीय कचऱ्यासाठी हवेतलं उत्सर्जन सर्वांत वाईट वर्गात टनामागे ४०,००० मायक्रोग्रॅम टीईक्यू, नंतर ३,०००, मग ५२५, आणि उत्तम यंत्रणेच्या वर्गात १. टनामागे साधारण १०,००० घनमीटर वायू धरला तर ०.१ नॅनोग्रॅम म्हणजे बरोबर १ मायक्रोग्रॅम. म्हणजे शेवटचा वर्ग तुमच्या परवान्यातल्या मर्यादेशी जुळतो, आणि त्याच्या वरचा वर्ग त्याहून पाचशेपट आहे. तुमची भट्टी वर्षातले किती तास शेवटच्या वर्गात असते आणि किती तास त्याच्या वरच्या, हे तासांचं वाटप करायला मासिक क्लोरोबेंझीन आणि मोनॉक्साइडच्या उसळ्यांची नोंद उपयोगी पडेल. एका आकड्याऐवजी खालची आणि वरची अशा दोन सीमा लिहा, आणि पेटवण्याचे तास वेगळ्या ओळीत दाखवा.